उशाशी बसायची विद्या

काही वर्षांपूर्वी आत्याला घेऊन मी एका दवाखान्यात तीन दिवस काढले. शेजारच्या खाटेवर शिरोळ तालुक्यातल्या एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. दुपारी त्यांना स्कॅनला न्यायचं ठरलं. ‘अंगावरचं सगळं काढायचं’ असा हुकूम आला. बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं आणि शेवटी गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, एका प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन बसलं. पिशवी मुलाच्या हातात गेली आणि मुलगा औषधं आणायला म्हणून खाली उतरला तो तीन तासांनी परत आला. दरम्यान आजी स्कॅन करून खाटेवर आल्या होत्या आणि पाणी घेत नव्हत्या. चहा नाही, गोळी नाही, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर दोनदा येऊन रक्तदाब बघून गेले. कुणी म्हणालं घाबरल्यात, कुणी म्हणालं वयच झालंय.

संध्याकाळी फरशी पुसायला आलेल्या मावशींनी पोछा थांबवून विचारलं, “आज्जी, गळा मोकळा कसा हो?” तेवढ्यात मुलगाही आला. पिशवी उघडली. गळ्यापाशी नळ्या होत्या, म्हणून मावशींनी डबी बँडेजच्या पट्टीत गुंडाळून आजींच्या उजव्या मनगटाला बांधली. आजींनी मनगट कपाळाला लावलं, बराच वेळ तसंच ठेवलं आणि मग पाणी मागितलं.

लिंगपूजेशिवाय पाणीही न घेणाऱ्या बायका कोल्हापूर-सांगलीच्या लिंगायत घरांत आजही आहेत. हे त्या वॉर्डात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. निम्मा स्टाफ याच भागातला होता. पण ते विचारण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. मावशींच्याही वाट्याला नव्हतं, त्यांनी ते आपणहून केलं.

जगातल्या पुष्कळ इस्पितळांत या कामासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. इंग्रजीत त्याला चॅप्लन म्हणतात आणि त्याच्या कामाला आध्यात्मिक शुश्रूषा. नाव जड आहे. आपल्याकडे ‘आध्यात्मिक’ म्हटलं की भगवी कफनी आणि मोठा मांडव डोळ्यांपुढे येतो. इथे तसलं काही नाही. आजारी माणसाला औषधापलीकडे काय खुपतंय, त्याला कशाचा आधार वाटतो, कुणाला भेटायचंय, कशाची भीती वाटते आणि कोणती गोष्ट त्याच्यापासून हिरावून घेऊ नये, एवढंच शोधून काढायचं आणि जमेल तितकं करायचं. हे शिकवणारे वर्ग धर्मशिक्षणाच्या कॉलेजांत चालतात. तिथे अलीकडे ख्रिस्ती विद्यार्थ्यांबरोबर मुसलमान, ज्यू, बौद्ध, हिंदू विद्यार्थीही बसतात, कारण वॉर्डात येणारा रुग्ण आपल्याच धर्माचा असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आज अनेक धर्मांचे चॅप्लन पगारावर आहेत.

या शिक्षणाची सुरुवात ज्याने केली तो स्वतः रुग्ण होता. अँटन बॉयसन हा अमेरिकेतला प्रेस्बिटेरियन पाळक. १९२० साली त्याला मनोविकाराचा तीव्र झटका आला आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं. बरा होऊन बाहेर पडल्यावर त्याला एक गोष्ट खटकत राहिली. धर्मशास्त्र शिकलेली माणसं भेटायला येत, पण माणूस आतून मोडत असतो तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं, हे त्यांच्यापैकी कुणालाच कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लन झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने सेमिनरीतले विद्यार्थी थेट वॉर्डात आणले. त्याचं म्हणणं असं की ग्रंथ वाचता तशी माणसं वाचायला शिका, जितंजागतं माणूस हीही एक पोथीच आहे.

त्यातून जी पद्धत रुजली ती मला फार हुशारीची वाटते. विद्यार्थी रुग्णाला भेटून येतो आणि आठवेल तितकं संभाषण शब्दशः लिहून काढतो. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कुठे गप्प झालो, सगळं. मग चार-पाच विद्यार्थी आणि एक शिक्षक मिळून ते टिपण ओळ-ओळ उसवतात. आपल्याकडचं उदाहरण रचून बघू. समजा कागल भागातला एक शेतकरी पोटाच्या कॅन्सरने पडून आहे आणि नवखा विद्यार्थी त्याच्या खाटेशी बसलाय.

“आता उसाला पाणी पाजायला बी कोण न्हाई बघा.”

“काळजी करू नका काका, देव बघतोय सगळं.”

“व्हय. बघतोय की.”

“आपण प्रार्थना करू या?”

विद्यार्थ्याला वाटतं भेट छान झाली. टिपण वर्गात वाचलं जातं तेव्हा कुणीतरी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतं. ‘बघतोय की’ हे त्या माणसाने कुठल्या सुरात म्हटलं? तो श्रद्धेने म्हणाला की चिडून? आणि उसाचं पाणी ही खरंच पाण्याची गोष्ट होती का? पोरगा पुण्याला नोकरीला, भाऊबंदकीत रान अडकलेलं, आणि आपल्यामागे हे कोण बघणार हा प्रश्न. मरणाचा विषय त्या माणसाने स्वतःहून काढला होता. विद्यार्थ्याने घाबरून त्यावर देवाचं झाकण ठेवलं. प्रार्थना रुग्णाला हवी होती की विद्यार्थ्याला सुटायला हवी होती, हा प्रश्न वर्गात विचारला जातो आणि बहुतेकांना तो झोंबतो.

आपलं ‘समाचाराला जाणं’ या वर्गात वाचून दाखवलं तर काय होईल, असा विचार मनात येतो. शहाळं किंवा मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवायची, खाटेच्या कडेला टेकायचं आणि ‘आमच्या चुलत्याला बी अगदी असंच झालं हुतं’ अशी सुरुवात करायची. ते चुलते तीन महिन्यांत गेले, हेही सांगून टाकायचं. माणसं भेटायला जातात मात्र हमखास. कोल्हापुरात कुणी ॲडमिट झालं की गल्ली लोटते. फक्त बसायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं नाव घ्यायला हवं ते लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांचं. आधी नर्स, मग इस्पितळातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास. १९४८ मध्ये त्यांच्या ओळखीतला डेव्हिड टास्मा नावाचा वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू मरणाच्या दारात होता. जगात त्याचं जवळचं असं कुणी नव्हतं आणि धर्मावरची श्रद्धाही पातळ झालेली. सॉन्डर्स कट्टर ख्रिस्ती. एकदा त्याने काहीतरी धीराचं सांगा म्हटलं, तेव्हा त्यांनी बायबलातलं एक स्तोत्र तोंडपाठ म्हटलं. ते स्तोत्र मूळचं ज्यूंचंच, त्यामुळे दोघांनाही ते आपलं. पुस्तक आणून आणखी वाचू का, असं विचारल्यावर मात्र तो नको म्हणाला. पुस्तकातलं नको, तुमच्या मनात जे आहे तेवढंच हवं, असा त्याचा आशय होता. जाताना त्याने पाचशे पौंड ठेवले, तुमच्या घराची एक खिडकी व्हायला म्हणून. ते ‘घर’ उभं राहायला एकोणीस वर्षं लागली. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं आणि ती खिडकी आजही तिथे आहे. रुग्णाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं असं चौपदरी असतं आणि एका पदराला औषध देऊन बाकीचे सैल होत नाहीत, ही आज जगभर मानली जाणारी गोष्ट सॉन्डर्स यांनीच मांडली. भारतातलं पहिलं हॉस्पिस, मुंबईच्या वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं.

आता कोल्हापुरात येऊ. धर्म शिकवण्याचा आणि वेगवेगळ्या धर्मांच्या पोरांना एका गावात शिकवण्याचा जो प्रयोग इथे झाला, त्याची सुरुवात एका दुखावलेल्या माणसापासून झाली. १८९९ सालच्या कार्तिकात पंचगंगेवर स्नान करताना शाहू महाराजांच्या लक्षात आणून दिलं गेलं की पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतोय, कारण त्याच्या लेखी छत्रपती शूद्र होते. वेदोक्त प्रकरणाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेलाय. मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. देवापुढे उभा असताना, ओल्या अंगाने, ज्याच्याकडून आधार घ्यायचा त्यानेच माणसाला कमी लेखलं. आध्यात्मिक जखम याहून वेगळी काय असते? ती राजालाही होते.

त्यावरचा शाहूंचा एक उपाय म्हणजे १९२० मध्ये काढलेलं श्री शिवाजी वैदिक स्कूल. ब्राह्मणेतर मुलांना वेदोक्त संस्कार शिकवून पुरोहित तयार करायचे. त्याच वर्षी क्षात्रजगद्गुरूंचं पीठ निर्माण झालं आणि सदाशिवराव बेनाडीकर पाटील त्यावर बसले. कोल्हापूरचं धर्मशिक्षणाचं कॉलेज म्हणायचं तर हेच. लग्न लावायला, बारावं-तेरावं घालायला आपलाच माणूस, मान ठेवणारा, असा त्यामागचा हिशेब. पण तो आपल्याच माणसांपुरता होता. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी कसं वागायचं याचा अभ्यासक्रम त्यात नव्हता. तो नकळत दुसरीकडे शिकवला जात होता, बोर्डिंगांत.

दसरा चौकात उभं राहून बघा. शाहूंच्या काळातली बोर्डिंगं या परिसरात हाकेच्या अंतरावर आहेत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, त्याच्या मागोमाग लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९१५ मध्ये ख्रिस्ती मुलांचं वसतिगृह, आणखी शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, प्रभू असे बरेच. शाहूंनी कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही पैसे दिले. प्रत्येक जमातीची खोली वेगळी, चूल वेगळी, पण शाळा-कॉलेज एकच. स्वतंत्र चुली का, असं आज कुणीही विचारेल. त्या काळी खेड्यातला बाप पोराला धर्म बुडेल या भीतीने शहरात पाठवत नव्हता. चूल आपली आहे म्हटल्यावर पाठवायला लागला. ही तडजोड होती आणि महाराजांना ती तडजोड आहे हे पक्कं ठाऊक असावं.

तडजोडीची हद्द कुठे होती हे एका पोराने दाखवून दिलं. कुंभोजचा एक तरुण जैन बोर्डिंगमध्ये राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, अस्पृश्यांत मिसळला आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्याने नकार दिला. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. शिकलेला, सुधारक विचारांचा माणूस. याच लठ्ठ्यांनी पुढे १९२४ मध्ये शाहूंचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्यांनी त्या पोराला बोर्डिंगमधून काढून टाकलं. पोराचं नाव भाऊराव पाटील, म्हणजेच कर्मवीर. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात कर्मवीरांनी जे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच चुलीवर भाकरी भाजायची आणि एकाच पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. ज्या राजाच्या बोर्डिंग-व्यवस्थेने काढून टाकलं, त्याच राजाचं नाव. मला या गोष्टीत कर्मवीरांचा मोठेपणा तर दिसतोच, पण दुसऱ्याचा धर्म शिकण्याचे दोन वर्गही दिसतात. एकात शेजारी राहून आदर ठेवायला शिकता येतं. दुसऱ्यात पीठ मळताना कळतं की शेजारचा पोरगा दिवस मावळल्यावर जेवत नाही आणि त्याच्यासाठी चार भाकऱ्या आधी काढून ठेवाव्या लागतात.

ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं केंद्र मात्र कोल्हापुरात कधी मोठं झालं नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, शाळा काढल्या, चर्च उभं राहिलं, पण पाळक घडवण्याचं काम अहमदनगर आणि पुण्याकडे राहिलं. नगरला रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये सेमिनरी सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांत नारायण वामन टिळक होते. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, आणि चर्चमध्ये कीर्तन आणि भजन आणून बसवणारा. पाळक होणाऱ्या पोराला अभंगाच्या चालीत प्रार्थना शिकवणं हा आंतरधर्मीय शिक्षणाचा आपला जुना नमुना आहे, त्याला तेव्हा कुणी तसं नाव दिलं नव्हतं इतकंच. त्याआधीही, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा ओव्यांत प्रसिद्ध केलीच होती.

पुण्यात हे काम पुढे जास्त जाणतेपणाने झालं. श्रीलंकेतल्या कँडीमध्ये १८९३ मध्ये निघालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखली गेलेली संस्था याच परंपरेतली. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, व्हॅटिकनने इतर धर्मांतलं जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी जाहीर भूमिका घेतली आणि कॅथलिक सेमिनरींना हिंदू, बौद्ध, इस्लाम हे विषय नुसते खोडून काढण्यासाठी शिकवायची सोय उरली नाही. शनिवार पेठेत फादर मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटांनी स्नेहसदन चालवलं. शनिवार पेठेत, म्हणजे जुन्या ब्राह्मणी पुण्याच्या गाभ्यात, हे पुणेकरांना सांगायला नको. लेडर्ले मराठी शिकले, महाराष्ट्राच्या आधुनिक तत्त्वचिंतनावर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि दार उघडं ठेवून बसले. प्रॉटेस्टंट सेमिनरींत सेरामपूर कॉलेजच्या अभ्यासक्रमातून ‘धर्म’ हा स्वतंत्र विषय शिकवला जातो, आणि रुग्णभेटीचं प्रशिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी, बॉयसनच्याच पद्धतीने, खाटेशी बसवून दिलं जातं.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. मिशनच्या दवाखान्यांत एके काळी ओपीडीत थांबलेल्या रुग्णांना आधी येशूची गोष्ट ऐकवली जायची. दुखणाऱ्या पोटाने माणूस कुठे पळणार? त्याची आठवण आपल्या समाजात अजून आहे, आणि त्यामुळे दवाखान्यात कुणी धर्माचं बोललं की ‘बाटवायला आले’ हा संशय पहिला येतो. आजच्या आध्यात्मिक शुश्रूषेचा पहिला नियमच या अनुभवातून आलाय. रुग्ण दुबळा असतो, म्हणून त्याच्यापुढे आपला धर्म मांडायचा नाही. त्याने विचारलं तर सांगायचं, न विचारता नाही. चॅप्लनने हा नियम मोडला तर त्याची नोकरी जाऊ शकते. आपल्याकडे हा नियम फक्त पाळकांना लावतात. खाटेपाशी येऊन ‘आमच्या बाबांचा अंगारा लावा, बघा कसं वाटतंय’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला कोण अडवतं?

अडवायला हवं, कारण अंगाऱ्यानेही माणूस दुखावतो. मिसळलेल्या कुटुंबांत आणि शेजाऱ्यांत हे रोज घडतं. एखाद्या बौद्ध घरातल्या म्हाताऱ्याने १९५६ च्या धर्मांतरानंतर ठरवून देव सोडलेले असतात, बावीस प्रतिज्ञा त्याला पाठ असतात. त्याच्या उशाखाली कुणी प्रेमाने जोतिबाचा गुलाल ठेवला तर तो भांडणार नाही, पण आयुष्यभराच्या निर्धाराची ती थट्टा होते. त्याला त्रिशरण-पंचशील ऐकायचं असतं, किंवा नसतंही. लिंगायतांत मेल्यावर बसवून पुरतात आणि ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात. मुसलमान रुग्णाला शेवटी किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून ठेवायचं असतं. कोल्हापुरातून ती दिशा पश्चिम, जरा उत्तरेकडे कललेली. नुसती खाट फिरवली तरी काम होतं, पण खाट भिंतीला बोल्टने बसवलेली असेल तर मान वळवून तरी द्यावी लागते, आणि कानाशी कलमा म्हणणारं कुणी लागतं. कॅथलिक घराला फादर येईपर्यंत वेळ हवा असतो. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ ही त्या आजींच्या इष्टलिंगाइतकीच अंगाचा भाग असते. ताईत, करदोरा, मंगळसूत्र, क्रूस, सगळ्यांची गोष्ट तीच. प्लास्टिकच्या पिशवीत टाकताना एक वाक्य बोलायचं असतं, “हे कुठे ठेवू, कुणाकडे देऊ?”

जैनांचं तर आपल्या भागात विशेषच. दिवस मावळल्यावर न जेवणाऱ्या माणसाला दवाखान्याचं ताट आठ वाजता येतं आणि ‘पेशंट जेवत नाही’ अशी नोंद होते. त्याहून अवघड सल्लेखना. मरण जवळ आल्यावर अन्नपाणी क्रमाने कमी करत जाण्याचं हे व्रत. आचार्य शांतिसागर महाराज, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखनेने गेले आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरांत ती आठवण अजून ताजी आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला, म्हणजे याच व्रताला, आत्महत्येचा प्रयत्न ठरवलं आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याच्या माणसांनाही एवढं अवघड जातं, तर रात्रपाळीच्या बावीस वर्षांच्या नर्सने काय करावं? ऐंशीचे आजोबा तोंड मिटून घेतायत. ते नैराश्य आहे, व्रत आहे की नुसतं गिळायला होत नाहीये? तिन्हींत करायचं ते वेगळं. आणि ते कळायला एकच मार्ग आहे, शांतपणे बसून आजोबांनाच विचारायचं.

म्हणून अशा याद्या पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. जैन म्हणजे हे, मुसलमान म्हणजे ते, असं कार्ड छापून वॉर्डात लावलं की स्टाफला वाटतं आपल्याला समजलं. एखाद्या जैन आजोबांना रात्री दहाला चहा हवाच असतो. अमेरिकेत डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी चार प्रश्नांची एक साधी पद्धत बसवली. तुम्हाला कशाचा आधार वाटतो? या आजारपणात तो कितपत महत्त्वाचा आहे? तुमच्या मागे कोण माणसं आहेत? आणि आम्ही त्यात काय करावं असं वाटतं? प्रश्न चार, वेळ पाच मिनिटं. उत्तर देव असेल, नातू असेल, जनावरं असतील. कोल्हापुरात रंकाळ्यावर एकदा नेऊन आणा, असंही असेल.

हे सगळं लिहीत असताना ७ जून २०२३ आणि १४ जुलै २०२४ या तारखा डोळ्यांआड करता येत नाहीत. पहिल्या तारखेला मोबाइलच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दुसऱ्या तारखेला विशाळगडाखालच्या गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. ‘शाहूंची नगरी’ म्हणून मान ताठ करणं त्यानंतर थोडं अवघड झालं. याच जिल्ह्यात कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजे हिंदू खांद्यांवरून जातात, हेही तितकंच खरं. कोविडच्या काळात मुस्लिम समाजाच्या बैतुलमाल कमिटीच्या कार्यकर्त्यांनी ज्यांच्याकडे घरचंही कुणी फिरकलं नाही अशा हिंदूंना पंचगंगेच्या स्मशानात अग्नी दिला. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या त्या पोरांना दुसऱ्याच्या धर्माचा विधी कुणी वर्गात शिकवला नव्हता. शिकवला असता तर सोपं गेलं असतं.

दसरा चौकातली बोर्डिंगं आजही भरलेली असतात. तिथल्या पोरांतले काही डॉक्टर होतील, काही नर्सिंगला जातील, एखादा स्वामी, एखादा मौलाना, एखादा पाळक होईल. वर्षातून एका रविवारी ही पोरं एकमेकांच्या बोर्डिंगात जेवायला गेली आणि जेवताना एवढंच विचारलं, की तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर काय करता, शेवट जवळ आला तर काय करता, तर त्याला ना सभागृह लागेल ना पाहुणे. अशा भेटीसाठी शाहू महाराजांची परवानगी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावात भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शेजारी बसून ती दिली.

तोवर वाचकांना एक विनंती. घरात कुणी मोठ्या आजाराने पडून असेल तर आजच त्यांच्यापाशी बसून विचारून ठेवा. अंगावरचं काय काढलेलं चालणार नाही, कुणाला बोलवायचं, काय ऐकायला आवडेल, काय नको. उत्तर एका कागदावर लिहा आणि तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, रक्ताच्या रिपोर्टच्याही वर.